घरात पिढ्यान्‌पिढ्या पाय सुकतायत? नसांच्या सोनोग्राफीबद्दल सोलापूरकरांसाठी धागा

शलाका_फिजिओ

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. रोजचं काम गुडघे, कंबर, खांदे, पॅरालिसिस. पण मधूनच एक वेगळी केस येते, आणि ती एकट्या माणसाची नसते, अख्ख्या घराची असते. मुलाच्या पावलांची कमान उंच, बोटं आखडलेली. आई गुडघा जास्त उचलून चालते आणि पाऊल आपटत टाकते. मामाच्या पोटऱ्या सुकलेल्या. पायातली चप्पल निसटून मागे राहते, चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. काही वर्षांनी हातांचं सुरू होतं. विडीचं तोंड बंद करताना अंगठ्याला जोर लागत नाही, लूमवर तुटलेली तार जोडताना चिमूट धरवत नाही. आणि आजी सांगते, "आमच्या माहेरात सगळ्यांचे पाय असेच."

अशा घरांना आतापर्यंत काय काय सांगितलं गेलेलं असतं ते ऐकून फार वाईट वाटतं. बी-ट्वेल्व्ह कमी आहे. मणक्यात नस दबली आहे. शुगरमुळे आहे, आणि शुगर तर नॉर्मल असते. एका घरात तिघांच्या कोपरामागची नस जाड लागली म्हणून ती माणसं कुष्ठरोग समजून गावात तोंड लपवून राहिली होती.

यातल्या बऱ्याच घरांत असतो तो शार्को-मारी-टूथ, थोडक्यात सीएमटी, हातापायांच्या नसांचा आनुवंशिक आजार. १८८६ साली पॅरिसच्या शार्को आणि मारी यांनी, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या टूथ यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून तिघांची नावं. साधारण २,५०० माणसांमागे एक असा अंदाज सांगितला जातो. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. तो अंदाज इथे लावला तर नुसत्या शहरातच पावणेचारशेच्या घरात माणसं होतात. ती सगळी कुठे आहेत? माझ्या मते बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं घेत घरी बसली आहेत.

धागा काढायचं कारण म्हणजे नसांची सोनोग्राफी. पोटाची करतात तीच पद्धत, फक्त प्रोब जास्त फ्रिक्वेन्सीचा. मनगटापासून काखेपर्यंत आणि घोट्यापासून गुडघ्यामागपर्यंत नस आडवी कापल्यासारखी पडद्यावर दिसते, तिचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये मोजता येतं. सुई नाही, शॉक नाही, एक्स-रे नाही. सीएमटीच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या १ए प्रकारात नसा सगळीकडे सारख्या जाड दिसतात. दोन्ही हात, दोन्ही पाय, मानेतली मुळंसुद्धा. त्यामुळे नस जाड आहे एवढ्यावर न थांबता ती कुठे जाड आहे, कुठे नाही, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाची कशी आहे, हे बघितलं तर निदानाची दिशा एका बैठकीत बदलू शकते. सोनोग्राफीने एनसीव्हीची (हलके शॉक देऊन नसेतला विजेचा वेग मोजायची तपासणी) किंवा जनुकीय तपासणीची गरज संपत नाही. पण पुढची तपासणी कोणती करायची हे ती सांगते, आणि चुकीच्या तपासण्यांचे पैसे वाचतात.

इथे डॉक्टर मंडळी आहेत, त्यांनी भर घालावी. आणि ज्यांच्या घरात असं आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

कन्नाचौक_राजू

ताई, तुमी आमच्याच घराचं लिवलंय असं वाटलं. माझं पोरगं नऊ वर्षाचं. पळताना सारखं पडतंय, पाय तिरपे टाकतंय. डॉक्टरांनी एनसीव्ही करायला सांगितलं. केंद्रावर नेलं, पायाला पहिले दोन-चार शॉक दिले की पोरगं असं रडायला लागलं की टेस्ट अर्ध्यात सोडून यावं लागलं. आता दवाखान्याचं नाव काढलं तरी रडायलाय. बायको म्हणती परत नेऊ नका. माझेपण पाय असेच हायत, वडलांचेपण होते. मला कधी तपासायला कुणी सांगितलं नाही, मीपण गेलो नाही. लूमवर उभारून उभारून झालं असंल म्हणून सोडून दिलं. पोराचं सोनोग्राफीवर भागंल का?

शलाका_फिजिओ

राजूदादा, सगळ्यात आधी तुमची तपासणी करून घ्या, पोराची नाही. तुमचे पाय तसेच, तुमच्या वडिलांचे तसेच, म्हणजे हा आजार बापाकडून मुलाला येतोय. मोठ्या माणसाला एनसीव्ही सहन होते आणि तुमच्या नसांत जे सापडेल तेच बहुधा मुलात असेल. तुमचं निदान पक्कं झालं की मुलाला शॉकची पूर्ण तपासणी लागेलच असं नाही. मुलाची सोनोग्राफी करता येते, मोबाईलवर कार्टून बघत पडून राहायचं असतं. बाकी डॉक्टर सांगतीलच.

डॉ_विश्वास_रेडिओ

मी रेडिओलॉजिस्ट आहे, सोलापूर जिल्ह्यातच प्रॅक्टिस. विषय मनापासून आवडला म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नस आडव्या छेदात बघितली तर बाहेरून पांढरी कड आणि आत काळसर ठिपक्यांची जाळी दिसते. ते ठिपके म्हणजे फॅसिकल, नसेतले तंतूंचे जुडगे. क्षेत्रफळ पांढऱ्या कडेच्या आतून मोजायचं असतं. मनगटावर मीडियन नस साधारण १० चौरस मिमीच्या आत असते, पुढे दंडाकडे जाताना कोपराखाली ती ६-७ च्या आसपास येते. सीएमटी १ए मध्ये त्याच कोपराखालच्या जागी १५, २० किंवा त्याहून जास्त आकडा येतो, आणि आतले फॅसिकलही सुजल्यासारखे मोठे दिसतात. लहान मुलांवरच्या अभ्यासातही या प्रकारात नसा निरोगी मुलांच्या दुप्पट ते साडेतीनपट जाड आढळल्या आहेत. त्यामुळे राजू यांच्या मुलाच्या वयात हे दिसणार नाही अशी शंका नको.

फसगत होते ती मनगटावर. विडी वळणाऱ्या बायकांत आणि टॉवेल शिवणाऱ्यांत कार्पल टनेल, म्हणजे मनगटात मीडियन नस दबणं, खूप. तिथे मीडियन नस मनगटाशी जाड असते आणि वर दंडात नॉर्मल. फक्त मनगट बघून रिपोर्ट दिला तर सीएमटीची बाईसुद्धा कार्पल टनेल म्हणून ऑपरेशनला जाईल. म्हणून मी मनगट आणि त्याच्या वरची जागा यांचं गुणोत्तर काढतो. कार्पल टनेलमध्ये ते वाढतं. सीएमटी १ए मध्ये दोन्ही जागा जाड असल्याने ते फारसं वाढत नाही.

चिठ्ठीवर काय लिहून आणायचं तेही सांगतो. नुसतं "पायाच्या नसांची सोनोग्राफी" लिहिलेलं असलं तर बहुतेक केंद्रांत रक्तवाहिन्यांचा डॉपलर होऊन येतो, पेशंटचे पैसे वाया. "पेरिफेरल नर्व्ह अल्ट्रासाऊंड" असं स्पष्ट हवं, आणि दोन्ही बाजूंच्या मीडियन, अल्नर, टिबियल, फिब्युलर, जमलं तर सुरल आणि मानेतली मुळं. प्रत्येक नस एकापेक्षा जास्त जागी मोजून आकडे रिपोर्टमध्ये लिहायला सांगा. "नसा जाड आहेत" या एका ओळीच्या रिपोर्टचा न्यूरोलॉजिस्टला उपयोग नसतो. जायच्या आधी फोन करून विचारा की केंद्रात नसांचं काम करणारं कुणी आहे का. प्रोब सगळ्यांकडे असतो, सराव सगळ्यांना नसतो. प्रोब जरा तिरका धरला किंवा जास्त दाबला तरी चित्र आणि आकडा बदलतो.

सागर_होटगीरोड

डॉक्टर, मग न्यूरोलॉजिस्टच स्वतःच्या ओपीडीत मशीन का ठेवत नाहीत? एका जागी काम होईल. आम्हाला एकीकडे तपासणी, दुसरीकडे सोनोग्राफी, तिसरीकडे एनसीव्ही, सुट्टी घेऊन घेऊन नोकरी जायची वेळ येते.

डॉ_विश्वास_रेडिओ

सागर, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा आहे ना १९९४ चा, त्याखाली सोनोग्राफी मशीन कुठल्याही कामासाठी वापरलं तरी त्याची आणि जागेची नोंदणी लागते, वापरणाऱ्याची पात्रताही ठरलेली आहे. पोर्टेबल मशीन पिशवीत घालून इकडून तिकडे न्यायलाही बंधनं आहेत. नस बघायची असो की बाळ, मशीन तेच. कायदा का आला ते महाराष्ट्राला सांगायला नको, आणि तो ढिला व्हावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यामुळे ओपीडीतल्या टेबलावर मशीन ठेवून नस बघणारे न्यूरोलॉजिस्ट आपल्याकडे कमी, हे खरं.

कुष्ठतंत्रज्ञ_निवृत्त

मी आरोग्य विभागात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. सर्वांचं वाचलं. चांगली माहिती आहे, पण एक गोष्ट ठासून सांगणं माझं कर्तव्य समजतो.

जाड नस म्हणजे कुष्ठरोगच, असं नाही हे मान्य. पण "आमच्या घरात आनुवंशिक आहे" असं स्वतःच ठरवून कुणी घरी बसू नये. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं. त्याचा अर्थ दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच. रोग गेलेला नाही. आजही नवे रुग्ण सापडतात. त्वचेवर चट्टा नसताना फक्त नसांना होणारा कुष्ठरोगही असतो, तो ओळखायला कठीण. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत, जंतू कमी असतील तर ६ महिने, जास्त असतील तर १२ महिने, आणि रोग पूर्ण बरा होतो. पण मध्येच रिअ‍ॅक्शन (शरीराचीच जंतूंविरुद्धची जोराची उसळी) येऊन नस सुजली, दुखायला लागली आणि चार-आठ दिवस तसेच काढले तर बोटं कायमची वाकडी होतात. ते मी या डोळ्यांनी पुष्कळ बघितलं आहे.

आम्ही हाताने नसा चाचपायचो. कोपरामागची, गुडघ्याच्या बाहेरची, मानेवरची. अनुभवाने कळतं, पण दोन तपासनिसांचं एकमत होईलच असं नाही. तुम्ही म्हणता त्या सोनोग्राफीत हा फरक दिसतो का, हे मला जाणून घ्यायचं आहे.

डॉ_विश्वास_रेडिओ

काका, तुमच्यासारख्यांनी लिहायलाच हवं होतं. हो, पुष्कळ दिसतो. कुष्ठरोगात नस एका जागी जाड, दुसऱ्या जागी बरी, आणि डाव्या-उजव्यात फरक. अल्नर नस कोपराच्या खोबणीत नाही तर तिच्या काही सेंटिमीटर वर सर्वांत जाड मिळते. आतली जाळी पुसल्यासारखी होते, फॅसिकल वेगळे ओळखू येत नाहीत. आणि रिअ‍ॅक्शन चालू असेल तर डॉपलर लावल्यावर नसेच्या आत रक्तप्रवाह दिसतो, जो निरोगी नसेत सहसा दिसत नाही. २००९ मध्ये हैदराबादच्या रुग्णांवर केलेलं या विषयावरचं काम प्रसिद्ध झालं, ते आम्ही आजही वाचतो. सीएमटी १ए मध्ये असा प्रवाह अपेक्षित नसतो आणि जाडी दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी असते.

न्यूरो_प्राची

न्यूरोलॉजी करते, सध्या बाहेरगावी आहे, माहेर सोलापूर. वरच्या उत्तरात तपासणीतली एक गोष्ट जोडते. सीएमटी १ए मध्ये हातोडीने बघितले जाणारे रिफ्लेक्स बहुतेक वेळा सगळीकडे गेलेले असतात, कुष्ठरोगात ते पुष्कळदा टिकून राहतात. कुष्ठरोगात थंड-गरम आणि स्पर्श एखाद्या पट्ट्यापुरता जातो, सीएमटीत पायमोजा घातल्यासारखा दोन्हीकडून कमी होतो. ही तपासणी फुकट आहे आणि पाच मिनिटांची आहे. सोनोग्राफी त्यानंतर.

नसा जाड का होतात ते इथे कुणी विचारलं नाही, पण सांगते, कारण त्यावरूनच पुढची तपासणी ठरते. नसेतल्या तंतूंभोवती मायलिनचं वेष्टन असतं. त्यात लागणारं एक प्रथिन पीएमपी२२ या जनुकातून बनतं, ते १७ व्या गुणसूत्रावर आहे. १९९१ मध्ये लक्षात आलं की १ए प्रकारात गुणसूत्राचा तो तुकडाच दोनदा छापला गेलेला असतो, म्हणजे जनुकाच्या दोनऐवजी तीन प्रती. जास्तीच्या प्रतीमुळे वेष्टन नीट बनत नाही, झडतं, परत बनतं, परत झडतं. दरवेळी नवा थर. सूक्ष्मदर्शकाखाली कापलेल्या कांद्यासारखी एकात एक वर्तुळं दिसतात. नस फुगते ती या थरांमुळे. आणि वेष्टन खराब म्हणून विजेचा वेग पडतो. हातात ५० मीटर प्रति सेकंदाच्या वर हवा, इथे ३८ च्या खाली, बऱ्याच जणांत २० च्या आसपास.

आता याचा उपयोग. पायातल्या नसा इतक्या खराब झालेल्या असतात की एनसीव्हीत तिथे काहीच प्रतिसाद येत नाही. मशीन गप्प. वेग कमी होता की तंतूच गेले, कळायला मार्ग नाही. सोनोग्राफीला नस जिवंत प्रतिसाद देते की नाही याच्याशी घेणं नाही, ती आकार दाखवते. सगळीकडे सारखी जाड असेल तर मी सरळ पीएमपी२२ साठी एमएलपीए ही जनुकाच्या प्रती मोजणारी रक्ततपासणी सांगते. सारखी जाड नसेल, नॉर्मलच्या जवळ असेल, तर सीएमटी २ (यात वेष्टनाऐवजी तंतूच खराब होतात) किंवा एक्स-लिंक्ड (एक्स गुणसूत्रावरच्या जनुकाच्या) प्रकाराचा विचार करते आणि मग जनुकांचं मोठं पॅनेल, म्हणजे अनेक जनुकं एकदम बघणारी तपासणी.

हा क्रम महत्त्वाचा आहे. माझ्याकडे महागडं एक्झोम (जवळजवळ सगळ्या जनुकांची अक्षरं वाचणारी तपासणी) करून, "निगेटिव्ह" रिपोर्ट घेऊन माणसं येतात. एक्झोममध्ये अक्षरांची चूक सापडते, पण अख्खा तुकडा दोनदा छापला असेल तर तो निसटू शकतो. आजार असूनही कागद निगेटिव्ह. सोनोग्राफी आधी झाली असती तर त्या घराचा मोठा खर्च वाचला असता.

विडीघरकुल_सविता

नमस्कार. माझी आई विडी कामगार, आम्ही विडी घरकुलात राहतो. आईला आधी काही नव्हतं. दिवाळीच्या आधी माल जास्त द्यायचा होता म्हणून ती सूप मांडीवर घेऊन दिवसभर मांडी घालून बसायची. उठली तर डावं पाऊल वर उचलेना. दुखत काही नव्हतं. कुणी मणक्याचा एमआरआय करा म्हणालं, कुणी लकवा म्हणालं. दोन महिन्यांत आपोआप बरंच सुटलं. पण माझ्या मामालाही असंच झालं होतं, त्याचा हात, रात्री कुशीखाली आला तर सकाळी मनगट पडलेलं. तोही बरा झाला. हा तोच आजार का? आईचे पाय सुकलेले नाहीत.

न्यूरो_प्राची

सविता, तुम्ही फार नीट लिहिलंत, मामाची गोष्ट नसती तर मला सुचलं नसतं. मांडी घालून बसलं की गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाशी फिब्युलर नस दबते. ते कुणालाही होऊ शकतं. पण दोघा भावंडांना, वेगवेगळ्या जागी, थोड्याशा दाबाने, दुखल्याशिवाय, आणि आपोआप बरं होणारं, असं असेल तर एचएनपीपी नावाचा आजार बघायला हवा. त्यातही तोच पीएमपी२२, फक्त उलटं. तीन प्रतींऐवजी एकच. १९९३ मध्ये हे सापडलं. एमएलपीए तपासणीही तीच.

यात सोनोग्राफीचं चित्र वेगळं येतं. नस दबण्याच्या ठरलेल्या जागांवर, म्हणजे मनगट, कोपर, गुडघ्याची बाहेरची बाजू, तिथे सुजलेली आणि मधल्या भागात बरीचशी नॉर्मल. ज्या बाजूला कधी त्रास झाला नाही तिथेही हे सापडतं. आईंची तपासणी करा. आणि निदान होईपर्यंत त्यांना एका बैठकीत बराच वेळ मांडी घालून बसू देऊ नका, पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून सूप समोर ठेवता येईल का बघा. कोपर टेकवून बसणं टाळायचं. पायावर पाय टाकून बसायचं नाही.

विडीघरकुल_सविता

पाटावर सूप नीट बसत नाही म्हणते, पण करून बघू. हजार विड्यांमागे मजुरी आहे, हात मंदावला की पैसे कमी. तरी सांगते तिला. मनापासून धन्यवाद डॉक्टर.

अक्कलकोटरोड_मेघश्याम

माझ्या थोरल्या बहिणीला सीआयडीपी (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार) सांगून कित्येक वर्षं स्टेरॉइड चालू होतं. वेग कमी आला होता आणि घरात दुसरं कुणी नाही म्हणाले. वजन वाढलं, शुगर आली, हाडं ठिसूळ झाली, पायांत फरक शून्य. घरात दुसरं कुणी नाही असं आम्हीच सांगितलं होतं, कारण वडील लवकर वारले आणि त्यांचे पाय कुणी नीट बघितलेच नव्हते. दुसऱ्या शहरात एका डॉक्टरांनी तिची आणि माझीही सोनोग्राफी केली. मला काहीच त्रास नव्हता. दोघांच्या नसा सारख्याच जाड निघाल्या. तिथून चक्र फिरलं. मी रागाने लिहीत नाहीये, पण हे कुणीतरी आधी केलं असतं तर बहिणीचं शरीर वाचलं असतं.

न्यूरो_प्राची

मेघश्यामदादा, वाचून वाईट वाटलं. सीआयडीपीत नसा जाड होतात पण ठिकठिकाणी, अनियमित, दंडात आणि मानेच्या मुळांशी जास्त. १ए मध्ये सलग आणि समान. सीआयडीपी औषधाने सुधारणारा आजार आहे, म्हणून तो सुटू नये ही डॉक्टरांची काळजी खरी असते. पण औषधाचा काहीच उपयोग होत नसेल तर निदान परत तपासायचं, हे आम्ही लोकांनी लक्षात ठेवायला हवं. आणि क्वचित सीएमटीच्या माणसाला वर सीआयडीपीही होतो, अचानक जास्त बिघडलं तर ते बघावं लागतं.

तुमच्या गोष्टीत मात्र एक नाजूक भाग आहे. तुम्हाला त्रास नव्हता आणि सोनोग्राफीने तुमचंही निदान झालं. तुम्ही मोठे आहात, तुम्ही होकार दिला असेल. पण लोक या तपासणीला "नुसती सोनोग्राफी" समजतात. १ए च्या घरात ती नुसती राहत नाही, ती जनुकीय तपासणीइतकंच सांगून जाते.

सागर_होटगीरोड

हाच प्रश्न आमच्या घरात आहे. काकूला निदान झालं. चुलतबहीण १९ ची, तिला काही त्रास नाही, पुढच्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात होईल. आत्याचं म्हणणं, पोटाच्या सोनोग्राफीच्या निमित्ताने तिच्या हाताच्या नसा बघून घ्या, तिला सांगू नका, म्हणजे आपल्याला कळेल. मला ते पटत नाहीये पण घरात सांगणार कसं?

शलाका_फिजिओ

सागर, तुला पटत नाहीये तेच बरोबर आहे. ती १९ ची आहे, शरीर तिचं, निर्णय तिचा. तिला आईच्या आजाराबद्दल नीट सांगा, तिला हवं असेल तेव्हा ती तपासणी करेल. तिला न सांगता काढलेली माहिती घरभर फिरेल आणि तिलाच शेवटी कळेल. आत्यांना सांग की तपासणी केली तर औषध सुरू करता येईल असं आज तरी नाही, त्यामुळे घाई कुणाच्याच फायद्याची नाही. आणि लहान मुलांबाबतही तेच. त्रास असलेलं मूल तपासायचं. त्याचं हसतंखेळतं भावंड सोबत आलंय म्हणून त्याच्यावर प्रोब ठेवायचा नाही.

डॉ_विश्वास_रेडिओ

मी असं कुणी सांगितलं तरी करत नाही, आत्यांना हेही कळवा.

श्रीलता_साखरपेठ

आमच्यात मामाशी, मामाच्या मुलाशी लग्नं होतात. माझंही सख्ख्या मामाशी. दोन मुलांपैकी एकाचे पाय लहानपणापासून कमजोर, बाकी आमच्या दोघांना, सासूला, आईला कुणालाच काही नाही. मग हे आनुवंशिक कसं? आणि मी आता तिसऱ्यांदा दिवस राहिलेय. पोटातल्या बाळाच्या सोनोग्राफीत नसा जाड आहेत का दिसेल का?

न्यूरो_प्राची

श्रीलताताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. वर चर्चा झाली त्या प्रकारात एक बिघडलेली प्रत पुरते, म्हणून पिढीमागे पिढी दिसतं आणि प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते. पण सीएमटीचे काही प्रकार, त्यातला एक गट सीएमटी ४, दोन्हीकडून बिघडलेली प्रत आली तरच होतात. आईवडील दोघं निरोगी, फक्त वाहक. नात्यात लग्न झालेलं असेल तर एकच प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. यात प्रत्येक गरोदरपणी चारांत एक अशी शक्यता राहते. यात तुमचा किंवा मामांचा काही दोष नाही.

पोटातल्या बाळाच्या सोनोग्राफीत हे दिसत नाही. आधी मोठ्या मुलाचं निदान जनुकापर्यंत पक्कं व्हायला हवं, मगच पोटातल्या बाळाची तपासणी शक्य होते, आणि ती वारेच्या पेशी किंवा गर्भजल घेऊन करतात. त्याला ठरावीक आठवड्यांची मर्यादा आहे. म्हणून वाट बघू नका, याच आठवड्यात जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना गाठा. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हा प्रतिसाद दाखवा. मोठ्या शहरात जायची तयारी असेल तर हैदराबाद जवळ आहे, किंवा उद्यान एक्स्प्रेसने बंगळुरूचं निम्हान्स, मेंदू आणि नसांच्या आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल.

श्रीलता_साखरपेठ

उद्याच जाते. मोठ्याच्या सगळ्या फायली काढून ठेवल्या.

योगेश_जुळेसोलापूर

एका ग्रुपवर वाचलं की सीएमटीवर रोज जास्त डोसचं व्हिटॅमिन सी चालतं. कुणी घेतलंय का?

शलाका_फिजिओ

योगेश, प्रयोगशाळेत उंदरांवर आशा दिसली होती. नंतर माणसांवर नीट चाचण्या झाल्या, १ए मध्ये फायदा दिसला नाही. पैसे बुटांवर घाला. आणि बी-सिक्सच्या मोठ्या डोसच्या गोळ्या स्वतःहून अजिबात नको, त्या जास्त झाल्या तर नसांनाच इजा करतात.

कन्नाचौक_राजू

ताई, परत आलो. माझी सोनोग्राफी झाली, सगळ्या नसा जाड, रिपोर्टमध्ये आकडे लिवलेत. एनसीव्हीपण केली, हाताचा वेग २२ आला. एमएलपीएचं रक्त दिलं, त्यातपण तेच निघालं, १ए. पोराला काय शॉक लागला नाही, डॉक्टरांनी हातोडीनं तपासलं आणि सोनोग्राफी केली, पोरगं झोपलंच तिथं. त्याच्या नसापण तसल्याच. मला आधी रडू आलं, मग वाटलं निदान कळलं तरी. माझा आकडा पोरापेक्षा बराच मोठाय, म्हणजे माझा आजार जास्त का? आणि पोराला शाळेत पीटीला पाठवू का नको? सर म्हणतेत पडला तर आमच्यावर येईल.

शलाका_फिजिओ

राजूदादा, जाडीच्या आकड्यावरून कुणाचा आजार किती ते ठरवू नका. वय वाढतं तशी नस वाढते, आणि जाडी आणि चालण्यातला त्रास यांचा हिशेब सरळ जुळत नाही. दरवर्षी सोनोग्राफी करायचीही गरज नाही. दरवर्षी बघायचं ते पाऊल किती उचलतं, टाच किती ताठ झाली आहे, बटण लावता येतं का.

पीटीला नक्की पाठवा. सायकल, पोहणं, चेंडू खेळणं सगळं चालेल. लांब उड्या आणि दमेपर्यंत पळणं नको. सरांना डॉक्टरांची चिठ्ठी द्या, पडला तर तो दुर्लक्षाने पडला असं कुणी म्हणणार नाही. बूट घोट्यापर्यंत धरणारे, टाचेशी कडक, लेस बांधायचे घ्या. चप्पल-सँडल नको. टाचेची शीर रोज सकाळ-संध्याकाळ ताणायची, कशी ते मी प्रत्यक्ष दाखवते, शनिवारी घेऊन या. पाऊल जास्त पडायला लागलं की एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा पट्टा, लावू, आत्ता लागणार नाही असं तुमच्या वर्णनावरून वाटतंय.

झोपायच्या आधी त्याचे तळवे रोज बघा, फोड किंवा काटा त्याला कळत नसेल. एप्रिल-मेच्या उन्हात देवळाच्या फरशीवर अनवाणी चालू देऊ नका, तळवा भाजेल आणि समजणार नाही. तुम्हालाही हेच लागू. घरातल्या दोघांच्याही फाइलवर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात "सीएमटी १ए, व्हिन्क्रिस्टिन देऊ नये" असं लिहून घ्या. ते कॅन्सरवरचं औषध आहे, कधी लागूच नये, पण या आजारात त्याने नसांची मोठी हानी होते आणि आणीबाणीत कुणी विचारत बसत नाही.

येताना त्याचे रोजचे जुने बूट आणा. तळ कुठल्या बाजूने झिजलाय ते बघायचंय.